चार पावसाळे जास्त पाहिलेला माणूस हवा!

तुमचा बास्केटबॉल संघ तरुण आहे? मग हरतच असणार. पोरं वाऱ्यासारखी धावतात आणि शेवटच्या दोन मिनिटांत चेंडू नेऊन समोरच्याच्या हातात देतात. यावर उपाय एकच, चार पावसाळे जास्त पाहिलेला माणूस आणा. (खेळ छपराखालचा, तरी पावसाळेच मोजायचे.)

माणूस घेताना नाव बघा, गुडघे बघू नका. अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधल्या लेकर्स संघाने 2012 मध्ये 38 वर्षांच्या स्टीव्ह नॅशला तीन वर्षांसाठी घेतलं. दुसऱ्याच सामन्यात त्याच्या पायाचं हाड मोडलं आणि तीन मोसमांत मिळून साखळीचे 65 सामने खेळून झाले. पण नाव होतं की नाही?

खरा धडा गिरवावा तो वॉशिंग्टनचा. 2001 मध्ये तिथल्या विझार्ड्स संघाचा कारभार निवृत्त दिग्गज खेळाडू मायकेल जॉर्डनकडे होता. शाळेतून थेट आलेल्या 19 वर्षांच्या क्वामी ब्राउनला त्यांनी ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिल्या क्रमांकावर उचललं. आता या पोराला घडवायला कोण आणावं, असा विचार करता करता जॉर्डनची नजर आरशात गेली असावी. 38व्या वर्षी स्वारी स्वतःच मैदानात उतरली. आता तुम्हीच सांगा, ज्याने आपल्याला नोकरीला लावलं तोच शेजारी हात वर करून चेंडू मागतोय म्हटल्यावर ते पोर बास्केटकडे बघणार की त्याच्याकडे? पहिल्या मोसमात जॉर्डनचे सामन्यामागे 22.9 गुण, क्वामीचे 4.5. संघ 19 विजयांवरून 37 वर गेला, दुसऱ्या वर्षीही नेमका 37 वरच थांबला आणि दोन्ही वर्षी प्लेऑफ (साखळीनंतरची बाद फेरी) हुकलं. पण तिकीटखिडकीवरची गर्दी बघून मालकाचे डोळे निवले असतील. 2003 मध्ये जॉर्डन पुन्हा निवृत्त झाले, मालकाने त्यांना कारभारातही परत घेतलं नाही, आणि पुढच्या मोसमात संघ 25 सामने जिंकला. पोरांना दिलेला अनुभव बहुधा चुकून त्यांच्याच बॅगेत गेला.

पैशांची चिंता नको. एनबीएत जुन्या खेळाडूला वर्षभरासाठी किमान वेतनावर घेतलं, तर संघाला दोन वर्षं खेळलेल्याच्या (म्हणजे कमी) किमान पगाराएवढाच भार पडतो, वरचे पैसे लीग भरते. म्हातारपणावर एवढी सवलत दुसरीकडे कुठे मिळेल?

एक धोका मात्र आहे. क्वचित एखादा म्हातारा खरंच खेळतो. फिनिक्सने 2020 मध्ये 35 वर्षांचा क्रिस पॉल आणला आणि पहिल्याच मोसमात संघ अंतिम फेरीत. सॅन अँटोनियोने त्याला 39व्या वर्षी घेतलं, तर पठ्ठ्या 82 पैकी 82 सामने खेळला आणि पोरांचे विजय 22 वरून 34 वर गेले! असल्या माणसामुळे आमच्यासारख्यांची फार पंचाईत होते. तेव्हा घ्यायच्या आधी नीट चौकशी करा.

आणि हात आखडता घेऊ नका. ब्रुकलिनने 2013 मध्ये 37 वर्षांचा केविन गार्नेट आणि पस्तिशीचा पॉल पिअर्स आणण्यासाठी बॉस्टनला ड्राफ्टच्या पहिल्या फेरीचे तीन हक्क दिले, वर 2017 मध्ये ड्राफ्टमधला क्रमांक आपसात बदलून घ्यायची मुभाही. म्हणजे अजून शाळेत असलेली पोरंसुद्धा देऊन मोकळे! पिअर्स वर्षभराने गेला, गार्नेट दीड वर्षाने. त्या हक्कांच्या जोरावर बॉस्टनकडे जेलन ब्राउन आणि जेसन टेटम आले, आणि 2024 चं विजेतेपदही. ब्रुकलिनच्या पदरात अनुभव पडला. तो मात्र भरपूर.