जखम आणि पाणी, दोन्ही एकाच खड्ड्यातलं

नुकत्याच वाचलेल्या एका लेखात म्हटलंय की पावसाळ्यातले रस्ते अपघात आणि साथीचे आजार हे दोन वेगळे प्रश्न आहेत, दोन वेगळ्या खात्यांनी बघावेत. मला हे अजिबात पटलं नाही. मागच्या जुलैत माझा धाकटा भाऊ डोंबिवलीत बाइकवरून खड्ड्यात पडला, खड्डा पाण्याने भरलेला त्यामुळे दिसलाच नाही, गुडघा आणि कोपर पार सोलवटून निघालं. दवाखान्यात जखम धुतली, टीटीचं (धनुर्वाताचं) इंजेक्शन दिलं, पट्टी बांधून घरी पाठवलं. आठ-नऊ दिवसांनी सणकून ताप, डोळे लालभडक, पोटऱ्या तर इतक्या दुखायच्या की नुसता हात लागला तरी कळवळायचा. आम्ही व्हायरल समजून पॅरासिटामॉल देत बसलो, शेवटी रक्त तपासलं तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, जिवाणूंमुळे होणारा आजार) निघाला!

उंदराचं मूत मिसळलेलं पाणी उघड्या जखमेला लागलं की लेप्टो होऊ शकतो, २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने हे भोगलंय. साचलेल्या पाण्यातून गेलात तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सीसायक्लिन (लेप्टो टाळण्यासाठीचं अँटिबायोटिक) घ्या असं मुंबई महापालिका पावसाळ्यात सांगत असते, मग पाण्यात पडून जखम घेऊन आलेल्या माणसाला हे तिथल्या तिथे का सांगितलं जात नाही? पट्टी बांधताना दोन वाक्यं बोलायला कितीसा वेळ लागतो? भावाला अॅडमिट करावं लागलं, आता बरा आहे, पण तो खड्डा अजून तिथेच आहे आणि पाऊस पडला की परत भरतो.