संशयित इसम

कोकणात आधार कार्ड नंतर विचारतात. आधी विचारतात, "कोणाचो रे तू?" ह्याला नुसतं नाव सांगून भागत नाही. कुठली वाडी, घर रस्त्याच्या वर की खाली, आजोबा गिरणीत होते की बोटीवर, चुलत्यांचा जमिनीचा दावा मिटला की अजून ओरोसच्या कोर्टात तारखाच पडतायत, हे सगळं एका दमात आणि हसत हसत सांगता आलं पाहिजे. आलं, की तुम्ही आपले. लगेच चहा.

मलाही सांगता येतं, पण उशिरा. मी आधी पायाखालच्या चिऱ्याकडे बघतो, मग लांब समुद्राकडे, मग घसा साफ करतो. त्यात हे माझं आजोळ. नोकरीतून वेळेआधी मोकळा होऊन मी मालवण आणि देवगडच्या मधल्या ह्या गावात आईच्या माहेरच्या घरात येऊन राहिलो. त्यामुळे माझं आडनाव गावात दुसऱ्या कोणाचंच नाही. हा खुलासा तोंडातून बाहेर पडेपर्यंत विचारणाऱ्याने निकाल लावलेला असतो.

निकाल किती झटपट लागतो ह्याचं मोजमाप झालेलं आहे. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या जॅनीन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना अनोळखी चेहरे सेकंदाचा दहावा भाग दाखवायचे आणि विचारायचं, हा माणूस विश्वासातला वाटतो का? तेवढ्यात बनलेलं मत आणि हवा तेवढा वेळ घेऊन बनलेलं मत बरंचसं जुळलं. वेळ वाढवून दिल्यावर मत फारसं बदललं नाही. आपलंच बरोबर आहे ही खात्री तेवढी वाढली. आमच्या तिठ्यावरच्या दुकानदाराला सेकंदाचा दहावा भागसुद्धा चैन वाटेल.

त्या दुकानातला एक प्रसंग सांगतो. पाऊस तोंडावर आला होता. पडवीला झड लागते म्हणून काळं प्लास्टिक हवं होतं, ते बांधायला दोरी, कुंपणाबाहेर आलेल्या फांद्या तोडायला कोयता, आणि वीज जाते म्हणून टॉर्च. दुसरा कोणी असता तर "काय वो, औंदा पाऊस लवकर येतलो म्हणतत" इथून सुरुवात करून अर्ध्या तासाने कोयत्यावर आला असता. मी काउंटरवर हात ठेवून यादी म्हणालो : नायलॉनची दोरी, मजबूत; कोयता, धारेचा; काळं प्लास्टिक, साधारण माणसाच्या उंचीचं; लांबवर उजेड टाकणारी टॉर्च. दुकानदाराने वजनकाट्यावरून मान वर केली. "आणि काय?" मी विचार करून म्हटलं, "नाही. सध्या एवढंच." आणि हसलो. माझं हसणं नेहमी अर्धा क्षण उशिरा येतं, म्हणजे समोरच्याला काही विनोदी आठवायचं संपल्यावर. त्या दिवशी त्याने पुतण्याला दुकानात बसवून स्वतः बाहेर येऊन मी कुठल्या दिशेला जातो ते पाहिलं.

माणसं कशामुळे अंगावर काटा आणतात, ह्याचाही अभ्यास झाला आहे. अमेरिकेतल्या नॉक्स कॉलेजच्या फ्रँक मॅकअँड्र्यू आणि सारा कोह्न्के यांनी १,३४१ लोकांना प्रश्न विचारले. निष्कर्ष २०१६ साली छापून आले. धंद्यांमध्ये पहिला नंबर सर्कशीतल्या विदूषकाचा. छंदांमध्ये काहीतरी गोळा करत बसणारे पहिले, आणि त्यांच्या मागोमाग काहीतरी टक लावून बघत बसणारे, त्यात पक्षीनिरीक्षकसुद्धा. त्या दोघांचा तर्क मला पटतो : समोरचा माणूस धोक्याचा आहे की नाही हेच नक्की कळत नाही, म्हणून काटा येतो. उघड धोका असला तर माणूस पळतो. धोका नसला तर चहा पितो. मधल्या माणसाकडे नुसता बघत राहतो. मी मधला. आणि माझा छंद पक्षी बघण्याचा.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. संध्याकाळी दोन कुंपणांमधल्या पाणंदीतून एखादी मुलगी एकटी घरी चालली असेल आणि मागून मी येत असेन, तर तिने पावलं उचलली ह्याचा मला राग येत नाही. तिचा अंदाज चुकला तर भोगणार ती आहे, मी नाही. माझी अडचण पुढची असते. तिला धीर यावा म्हणून मी थांबलो, तर दबा धरल्यासारखं दिसतं. भराभर चालून पुढे निघून जावं म्हटलं, तर पाठलाग दिसतो. खोकलो, तर फारच वाईट. एकदा फोनवर बोलल्याचं सोंग केलं. पण सोंगातसुद्धा मला पलीकडच्याशी काय बोलावं ते सुचेना, आणि मी नुसता "हं… हं… समजलं… उद्या" असं म्हणत राहिलो. ती पळाली. आता मी वाटेत कोणी दिसलं की मारुतीच्या देवळात जाऊन बसतो. त्यामुळे गावात मी भाविक म्हणून तरी ओळखला जाऊ लागलोय.

किनाऱ्यावरच्या लोकांनी परक्या माणसाकडे रोखून बघण्याला कारण आहे, ते उगाच संशयी नाहीत. फेब्रुवारी १९९३ मध्ये श्रीवर्धनजवळच्या शेखाडीला आरडीएक्स उतरलं आणि १२ मार्चला मुंबई हादरली. २००८ च्या नोव्हेंबरात दहा जण समुद्रातूनच येऊन मुंबईत मच्छिमारांच्या वस्तीजवळ उतरले. आता गावोगावी गावकऱ्यांचीच सागर सुरक्षा दलं आहेत, सागरी पोलिसांची गस्त आहे, आणि 'सागर कवच' नावाची कवायत आहे. तीत पोलिसांचीच माणसं डमी अतिरेकी बनून, डमी बॉम्ब घेऊन किनाऱ्यावर घुसायला बघतात आणि बाकीच्यांनी त्यांना पकडायचं असतं.

ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला एक बेवारस बोट लागली, आत तीन एके-४७. सगळा महाराष्ट्र हाय अलर्टवर. नंतर विधानसभेत खुलासा झाला : बोट एका ऑस्ट्रेलियन बाईंची, मस्कतहून युरोपकडे निघालेली, वाटेत इंजीन बिघडलं, माणसांना दुसऱ्या जहाजाने वाचवलं आणि बोट आपली भरकटत इकडे आली. बंदुका होत्या म्हटल्यावर घबराट होणारच. तरी मला त्या बोटीबद्दल फार जवळीक वाटली. कोणी विचारलं तर सांगायला तोंड नाही, आणि दिसायला वाईट.

असो. तर एका सागर कवचच्या दिवशी मी खाडीच्या तोंडाशी सुरूच्या बनात दुर्बीण लावून उभा होतो. तिथल्या उंच सुरूवर समुद्री गरुडाचं घरटं आहे. हे पक्षी वर्षानुवर्षं एकाच घरट्यावर काटक्या रचत जातात, त्यामुळे ते एखाद्या खाटेएवढं होतं, आणि खाली समुद्रसापांचे सांगाडे पडलेले मिळतात. ते मी पिशवीत भरून ठेवतो. (म्हणजे मॅकअँड्र्यूसाहेबांच्या यादीतले दोन्ही छंद माझ्याकडे आहेत.) मोटरसायकलवरून सुरक्षा दलाचे दोन तरुण आले.

"हयसर काय करतास?"

"बघतोय."

"कोणाक?"

"येईलच आता."

ह्यात एक अक्षर खोटं नव्हतं. त्यांनी पिशवी उघडली. हाडं. त्यांनी फोन केला.

जीपमधून आलेले हवालदार घाटावरचे, सभ्य गृहस्थ. त्यांनी माझी वही मागितली आणि तिथेच, जमलेल्या पंचवीस-तीस माणसांसमोर, मोठ्याने वाचली. "सतरा चाळीस. नर पश्चिमेकडून आला. पायात साप. मादी वाट बघत होती. सतरा पंचावन्न. माल खाली पडला. अठरा पाच. दोघे खाडीकडे. अंधारामुळे पुढचं दिसलं नाही." वाचून झाल्यावर कोणी बोलेना.

"नर कोण?" हवालदारांनी विचारलं.

"मादीचा," मी म्हटलं.

"नाव काय त्याचं?"

मला लॅटिन नाव येत होतं. ते मी सांगितलं. कोणीतरी मागून म्हणालं, "फॉरेनचो आसा."

गर्दीत पुढेच एक गोरटेला, टापटीप गृहस्थ उभा होता. तो सकाळपासून गावात होता. रत्नागिरीकडचा आंबा व्यापारी, कलमं कराराने घ्यायला आलेला. तिठ्यावर त्याने सगळ्यांना चहा पाजला होता. काकीकडे घावणे खाल्ले होते आणि तिच्या गुडघ्यांना तेल सांगितलं होतं. जेटीवर कुठली होडी कधी सुटते, पोलिसांची स्पीडबोट कुठे लागते, रात्री पहाऱ्याला कोण असतं, सगळं त्याने गप्पांत विचारून घेतलं होतं, आणि लोकांनी हौसेने सांगितलं होतं. त्याची जड पिशवी आमच्याच दलातल्या एकाने उचलून जेटीच्या शेडमध्ये नेऊन ठेवली होती, "हयसर कोण हात लावचो नाय" असं सांगून. तो माझ्याकडे बोट दाखवून हवालदारांना म्हणाला, "साहेब, ह्याला सोडू नका. डोळ्याला डोळा देत नाही बघा."

नेमक्या त्या वेळी गरुड आला. पायात मासा होता. मी सवयीने घड्याळ बघितलं आणि वहीकडे हात केला, तेव्हा हवालदारांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनीही दुर्बीण लावून बराच वेळ बघितलं. मला सोडलं. संध्याकाळी वायरलेसवर निरोप आला, की जेटीच्या शेडमधल्या पिशवीत डमी बॉम्ब होता आणि अमुक गावाची जेटी उडाली असं धरण्यात आलं आहे. आंबा व्यापारी दुसऱ्या ठाण्याचा शिपाई निघाला. गावाला वाईट वाटलं. जेटीचं नाही. "पण माणूस बरो होतो," असं काकी दोन दिवस म्हणत होती.

डोळ्याला डोळा न देणारा खोटारडा, ही समजूत एकट्या आमच्या गावाची नाही; पन्नासहून जास्त देशांत लोकांना विचारलं तेव्हा खोटं बोलण्याची खूण म्हणून सगळ्यात आधी हीच सांगितली गेली. आणि प्रत्यक्षात माणसं खरं-खोटं किती ओळखतात? बाँड आणि डीपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली ढीगभर प्रयोगांची गोळाबेरीज केली, तर शंभरात ५४. ग्रामपंचायतीसमोर नाणं उडवून मला आत टाकायचं की सोडायचं हे ठरवलं असतं, तरी न्याय साधारण तेवढाच झाला असता आणि वेळ वाचला असता.

खरा घातकी माणूस बोलायला किती गोड असतो, ह्याचा दाखला आमच्या अगदी शेजारचा आहे. चार्ल्स शोभराज १९८६ च्या मार्चमध्ये तिहार तुरुंगातून पळाला, तो पहारेकऱ्यांना वाढदिवसाची म्हणून गुंगीची मिठाई खायला घालून. पुढच्या महिन्यात मुंबई पोलिसांच्या मधुकर झेंडे यांनी त्याला गोव्यात पर्वरीच्या एका हॉटेलात पकडलं. तुरुंगात वाढदिवसाची मिठाई वाटणं मला जन्मात जमलं नसतं. मी स्वतःच्या वाढदिवसाला फोन बंद ठेवतो. आमच्याकडेही दागिन्यांना पॉलिश करून देणारे दोघे येऊन गेले. "मावशी, तुमी आमच्या आयेसारख्या" एवढ्यावर त्यांनी पाटल्या पाण्यात घातल्या. त्यांना कोणी "कोणाचे?" म्हणून विचारलं नाही, कारण ते आधीच आयेचे झाले होते.

आमच्या दशावतारात संकासुर येतो ना, काळाकुट्ट, तोंडावर काळा बुरखा, तेव्हा पुढे बसलेली पोरं भोकाड पसरतात. मग तो मालवणीत टोमणे मारायला लागतो आणि तीच पोरं हसून लोळतात. राक्षस असून चालतं, अबोल असून चालत नाही.

हे सगळं मी हसण्यावारी नेतो, कारण मला घर आहे, मामा आहे आणि हवालदार बरे भेटले. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याच्या बाजारात पाच भिक्षेकऱ्यांना, मुलं पळवणारी टोळी समजून, लोकांनी ठेचून मारलं. अफवा मोबाईलवरून फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल अशी मर्यादा आणली. ते पाच जण गावोगाव फिरून, लोकांशी बोलूनच पोट भरणारे होते. त्यांचंही बोलणं त्या दिवशी कोणी ऐकून घेतलं नाही.

तर पुढच्या सागर कवचच्या आधी मामाने मला देवळातल्या बैठकीला नेलं. मागच्या वेळची बेअब्रू भरून काढायची होती. दलात माणसं कमी, रात्री जागायला कोणी तयार नाही. एकाने तोडगा काढला : "ह्यो नायतरी रोज थंय उभो असताच. दुर्बीण पण सोताची." ठराव पास. मग पोलीसपाटलांना शंका आली. संशयास्पद काही दिसलं तर १०९३ ला फोन लावून नाव, गाव, ठिकाण, काय दिसलं, सगळं भराभर सांगावं लागतं. सगळी बैठक माझ्याकडे बघू लागली. मी घंटेकडे बघू लागलो.

शेवटी मामाने खिशातून दोरीला बांधलेली शिटी काढून माझ्या गळ्यात घातली. "तुका बोलूचा नाय. तू फकत शिटी मार. पुढचा आमी बघतो."

"कधी मारायची?" मी विचारलं.

"म्हणजे काय?" मामा म्हणाला. "खंय कोण काय न बोलता उभो रवललो दिसलो, की मारूची."