चालत्या मशीनला हात लावायला कोणी सांगितलं होतं?

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आमचा छोटा गाळा. रेडियम कटिंगचं मशीन म्हातारं, पण सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीवरच चालतं, म्हणून तो जुना कॉम्प्युटरचा डबा जपलाय. ८ एप्रिल २०१४ला मायक्रोसॉफ्टने एक्सपीचे अपडेट बंद केले, त्याच आठवड्यात मी नेटची वायर उपटली. विषय संपला होता.

तर रविवारी भाचा आला. "मामा, ही निळी पट्टी आणि हिरवं स्टार्ट किती जुनाट! ओपन सोर्स शेल टाकतो, म्हणजे पट्टी, मेनू दाखवणारा दुसरा प्रोग्राम, फुकट आहे." मी चहा आणायला गेलो, तेवढ्यात यानं रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या वहीत, विनलॉगॉन या लॉगिनच्या नोंदीखाली शेलसमोरचं एक्सप्लोरर, म्हणजे विंडोजचं स्वतःचं शेल, काढून भलतंच नाव घातलं!

सोमवारी सकाळी काळाकुट्ट पडदा आणि कोपऱ्यात झकपक घड्याळ. स्टार्ट नाही. रिकाम्या जागी राइट क्लिक केलं की मेनू उगवतो म्हणे. वीस वर्षं स्टार्ट दाबणाऱ्या ऑपरेटर काकांना हे स्वप्नात कळणार होतं का?

बरं, मेनू सापडला, तर कटर हलेना! मशीनला फाइल पाठवणारा प्रोग्राम सुरूच झालेला नव्हता. तो स्टार्टअपमध्ये, म्हणजे लॉगिन होताच आपोआप उघडणाऱ्यांच्या फोल्डरात होता, आणि स्टार्टअपमधलं सगळं उघडण्याचं काम एक्सप्लोररचं. घड्याळाशेजारच्या छोट्या चिन्हांना जागा देणंही त्याचंच. त्याला हाकललंत, तर ही हमाली नव्या शेलनं करायला नको? या पठ्ठ्याचं ते सेटिंग कुठल्याशा टेक्स्ट फाइलीत, आणि बंद! मोबाइलवर मदतीचं पान शोधलं, तर ते डोमेनच विकायला काढलेलं.

दोन तास गेले. सोसायटीच्या नंबरप्लेटा न्यायला आलेला माणूस डोक्यावर उभा. शेवटी कंट्रोल-ऑल्ट-डिलीट, टास्क मॅनेजर, न्यू टास्क, एक्सप्लोरर. दहा सेकंदांत निळी पट्टी हजर! डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

ज्यांनी हौसेनं लिहून फुकट वाटलं, त्यांच्यावर राग नाही. राग येतो तो 'जुन्या पीसीला नवजीवन' म्हणत हे गळ्यात मारणाऱ्यांचा. कसलं डोंबलाचं नवजीवन? आत तोच एक्सपी, सुरक्षेची तीच भोकं. वरून फक्त पावडर. आणि पावडर पुसायची कशी, ते कोणी सांगत नाही.

रजिस्ट्री पूर्ववत केली. त्याच कटरवर लाल पट्टी कापून मॉनिटरवर चिकटवलीय, 'हात लावू नये'. भाच्याचं नावही कापणार होतो, पण ताई गाळ्यावर येते अधूनमधून.