पत्रकाच्या आधी डबा

सुवार्ताकार्यावर, म्हणजे येशूचा संदेश लोकांपर्यंत पोचवण्याच्या कामावर, एक लेख नुकताच वाचला. ‘घरोघरी पत्रकं वाटणं हाच सुवार्ताकार्याचा पाया’ हे त्यातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. मी नगर जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) वाढले. आमच्याकडे सुवार्ता पोचली ती टाळ-मृदंगावरच्या भजनांतून आणि ख्रिस्ती कीर्तनांतून, लोकांच्या ओळखीच्या चालींवर. मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्ताच्या अनुयायांचा समाज उभा केला, तेव्हा बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा ठेवली. हे लेखात यायला हवं होतं.

माझी आई दर गुरुवारी सरकारी दवाखान्यात जायची, सोबत कुणीच नसलेल्या रुग्णांसाठी. स्टीलच्या डब्यात मऊ भात आणि मुगाचं वरण. ते खाऊन झालं की विचारायची, “तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?” नको म्हटलं तर नुसती बसून राहायची, आणि पुढच्या गुरुवारी डबा तसाच. त्यातल्या एक आजी तीन वर्षांनी नाताळच्या उपासनेला आपणहून आल्या. मागच्या बाकावर बसल्या होत्या, आणि हातात आमचाच एक डबा होता, करंज्या भरलेला.