तारखांचा कागद कोरा, म्हणून पुस्तक पडून?

विद्यापीठाच्या ग्रंथालयात जागा पुरेनाशी झाली की एक युक्तिवाद हमखास फिरू लागतो: दहा वर्षांत कुणी हात न लावलेली पुस्तकं बाहेरच्या गोदामात हलवा. मागितली की दुसऱ्या दिवशी मिळतील, तसंही सगळं ऑनलाइन आहेच, आणि मोकळ्या जागेत मुलांना बसता येईल. यातलं शेवटचं मला मान्य आहे. बसायला जागा हवीच. बाकीचं पटत नाही.

‘कुणी हात लावला नाही’ हे ठरतं देवघेवीच्या नोंदीवरून. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या अभ्यासाचा दाखला नेहमी दिला जातो: 1969 मध्ये घेतलेल्या पुस्तकांपैकी जवळपास 40 टक्के पुस्तकं 1975 अखेरपर्यंत एकदाही इश्यू झाली नव्हती. पण हा हिशेब पुस्तक बाहेर गेल्याचा आहे. मी एकदा प्लेगवरचं एक पुस्तक शोधायला गेले होते. ते जागेवर नव्हतं. शेजारी बंदरांच्या आरोग्यव्यवस्थेवरचा एक जाडजूड ग्रंथ होता, नावात प्लेगचा उल्लेखही नाही. सहज मागची सूची उघडली, तर ‘प्लेग’पुढे अकरा पृष्ठांक! इश्यूच्या तारखांचे शिक्के मारायचा आतला कागद पार कोरा. दुपारभर तिथेच बसून टिपणं काढली आणि ग्रंथ टेबलावर ठेवून निघाले. नोंदीत तो आजही ‘न वापरलेला’च असणार.

‘मागितलं की मिळतं’ हे खरं, पण मागायला नाव माहीत हवं ना! हार्वर्ड विद्यापीठाने 1986 मध्ये सुरू केलेल्या अशाच पुस्तकगोदामाची पद्धत पुढे अनेकांनी उचलली. तिथे पुस्तकं विषयाने लागत नाहीत, उंचीने लागतात, ट्रेमध्ये, बारकोडच्या भरवशावर. जागा खूप वाचते, आणि थंड, कोरड्या हवेत कागद जास्त टिकतो, हेही मान्य केलं पाहिजे. पण माझा तो जाडजूड ग्रंथ तिथे प्लेगच्या शेजारी नसता. शिवाय मांडणीसमोर उभं राहून दहा पुस्तकांच्या सूच्या पंधरा मिनिटांत चाळता येतात. गोदामातून तीच दहा पुस्तकं मागवायची तर दहा अर्ज करा, दिवसभर थांबा, आणि त्यातली आठ न वाचताच परत पाठवा.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या पाच सिद्धांतांपैकी पाचवा, ‘ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे’, गोदामाच्या बाजूने सांगितला जातो. चौथा का गाळतात? तो वाचकाचा वेळ वाचवा असं सांगतो.

ऑनलाइनचं थोडक्यात. हाथीट्रस्ट या ग्रंथालयांच्या सामाईक डिजिटल संग्रहात पावणेदोन कोटींहून अधिक ग्रंथ स्कॅन झालेले आहेत, पण कॉपीराइटमुळे त्यातले बहुसंख्य पूर्ण उघडत नाहीत.

मग जागा कशी करायची? आधी जादा प्रती हलवा. मग ज्यांचे जुने अंक कायमच्या हक्काने ऑनलाइन मिळतात, त्या नियतकालिकांचे बांधीव खंड. त्यानंतरही पुस्तकं हलवावी लागली, तर यादी त्या-त्या विभागाच्या शिक्षकांना आणि संशोधक विद्यार्थ्यांना दाखवा, जाणाऱ्या पुस्तकांची अनुक्रमणिका ग्रंथालयाच्या तालिकेत (कॅटलॉगमध्ये) चढवा, आणि गोदामातून दोनदा मागवलेलं पुस्तक पुन्हा मांडणीवर आणा. टेबलावर राहिलेली पुस्तकं जागेवर लावण्याआधी त्यांचा बारकोड स्कॅन करून वापराची नोंद करायलाही आजपासून सुरुवात करता येईल. त्याला गोदाम लागत नाही.