अशनी पडताना चित्रकाराने उभं कुठे राहायचं?

२०२५ च्या फेब्रुवारीत '२०२४ वायआर४' नावाच्या लघुग्रहाने आपल्या न्यूज चॅनलांना बरेच दिवस खाद्य पुरवलं. २०३२ मध्ये तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता चढत चढत ३.१ टक्क्यांवर गेली. संभाव्य पट्ट्यात अरबी समुद्र आणि दक्षिण आशिया होता, म्हणजे बातमीत मुंबई येणारच होती. पुढे नवी निरीक्षणं आली, शक्यता जवळजवळ शून्यावर उतरली आणि सगळे दुसऱ्या विषयाला लागले.

बातमीबद्दल माझी तक्रार नाही. माझं डोकं फिरलं ते तिच्याबरोबरच्या चित्राने. दगड साधारण ४० ते ९० मीटरचा. थंबनेलमध्ये मात्र अख्ख्या महाराष्ट्राएवढा धोंडा, मागे आगीची शेपूट, पृथ्वीला भगदाड आणि आतून उसळणारा लाव्हा! अहो, एवढा दगड शहरावर पडला तर शहराची वाट लागेल, ते काय कमी आहे? पण पृथ्वीला त्याने साधा ओरखडा उठेल.

बरं, डायनासोरांचा निकाल लावणारा तो प्रसिद्ध लघुग्रह घेऊ. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आजच्या मेक्सिकोतल्या युकातानला तो आदळला. व्यास १० किलोमीटरच्या आसपास. आता मोबाईलच्या स्क्रीनवर ६ सेंटीमीटरची पृथ्वी काढा आणि त्याच मापाने तो लघुग्रह काढायला बसा. तो भरतो ०.०५ मिलीमीटर, आपल्या केसाच्या जाडीपेक्षाही बारीक. म्हणजे अंतराळातून प्रामाणिकपणे चित्र काढलं तर त्यात फक्त पृथ्वी दिसेल. हे कोण फॉरवर्ड करणार? म्हणून दगड फुगवायचा. वर त्याला आग लावायची. अंतराळात हवा नाही, त्यामुळे तिथे तो पेटत येत नाही. बरेचसे लघुग्रह तर कोळशाइतके काळे असतात. पेटणं वगैरे जे काही व्हायचं ते वातावरणात शिरल्यावर, आणि सेकंदाला २० किलोमीटरच्या वेगाने येणाऱ्याला वातावरण ओलांडायला काही सेकंद पुरतात.

यावर ठरलेलं उत्तर येतं, 'कला आहे, थोडी सूट द्या.' दिली. फुगवलेल्या दगडाबद्दल मी एक वेळ गप्प बसेन. माझा मुद्दा वेगळाच आहे. या चित्रांत बघणाऱ्याला उभं कुठे केलंय? हजारो किलोमीटर वर, अधांतरी. तिथे आपल्याला काहीही होत नाही. पृथ्वी फुटतेय आणि आपण बाल्कनीतून मिरवणूक बघतोय.

नासासाठी चित्रं काढणाऱ्या डॉन डेव्हिसचं युकातानच्या धडकेचं चित्र म्हणूनच मला आवडतं. पुढे ढगांवर निवांत तरंगणारे टेरोसॉर (डायनासोरांच्या काळातले उडणारे सरीसृप) आणि पलीकडे उथळ समुद्रात घुसणारा लघुग्रह. नजर आधी त्या पंखांवर जाते, मग पुढच्या काही मिनिटांत त्यांचं काय होणार ते लक्षात येतं आणि पोटात गोळा येतो. याच डेव्हिसचं दुसरं एक चित्र आहे, नवजात पृथ्वीवर आदळणाऱ्या एका प्रचंड ग्रहकाचं (ग्रह घडत असतानाच्या काळातला मोठा पिंड). आपली मंडळी तेच बिनदिक्कत डायनासोरांच्या पोस्टला चिकटवतात. चार अब्ज वर्षांची गल्लत, पण लाइक्स भरपूर.

अंतराळातूनच बघावी अशी धडक अर्थात आहे. चंद्राच्या जन्माची. विल्यम हार्टमन हा ग्रहशास्त्रज्ञही आणि चित्रकारही. १९७५ मध्ये त्याने डोनाल्ड डेव्हिसबरोबर (हा डेव्हिस शास्त्रज्ञ, वरचा चित्रकार वेगळा) चंद्र मोठ्या धडकेतून तयार झाला अशी कल्पना मांडली, आणि ती धडक रंगवलीही. तिथे आदळणारा पिंड मंगळाएवढा मानतात. पाय ठेवायला जमीनच शिल्लक नाही, मग चित्रकार वर गेला तर बिघडलं कुठे?

पण या सगळ्यात माझं सर्वात लाडकं चित्र कुठल्याही अवकाश-चित्रकाराचं नाही. १२ फेब्रुवारी १९४७. रशियाच्या अतिपूर्वेकडचं इमान नावाचं गाव. मेदवेदेव नावाचा चित्रकार खिडकीशी स्केच करायला बसला होता, आणि समोरच्या आकाशातून सिखोटे-अलिनची लोखंडी अशनी उतरली. याने जे दिसलं ते लगेच कागदावर घेतलं. वर धुराचा पट्टा सोडत तिरका येणारा आगीचा गोळा, खाली नेहमीचं गाव. दहा वर्षांनी, १९५७ मध्ये, सोव्हिएत सरकारने त्या चित्राचं टपाल तिकीट काढलं. त्यात पृथ्वी फुटत नाही, लाव्हा नाही. एका माणसाच्या खिडकीतून जेवढं दिसेल तेवढंच आहे, आणि तेच अंगावर येतं.

खिडकीवरून आठवलं. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियातच चेल्याबिन्स्कच्या आकाशात साधारण २० मीटरचा दगड जमिनीपासून सुमारे ३० किलोमीटरवर फुटला. गाड्यांवरच्या कॅमेऱ्यांमुळे आपण सगळ्यांनी ते पाहिलंय. आधी लख्ख प्रकाश. आवाज नाही. लोक 'काय झालं' म्हणून खिडक्यांकडे धावले, काचांना नाक लावून धुराचा पट्टा बघत राहिले. दोनेक मिनिटांनी धक्क्याची लाट पोचली आणि त्याच काचा तोंडावर आल्या. जवळपास दीड हजार लोक जखमी, बहुतेक काचांनीच. आता सांगा, या दोन मिनिटांच्या शांततेचं चित्र कुणी काढलंय? काचेपाशी गर्दी, चेहऱ्यांवर कुतूहल, बस्स. सगळी चित्रं आदळण्याच्या क्षणावर तुटून पडतात. उद्या खरंच आकाशात असं काही चमकलं तर खिडकीपासून लांब व्हा, एवढी साधी गोष्ट या हजारो भडक चित्रांनी आपल्याला शिकवलेली नाही.

आणि खरी धडक कशी दिसते ते तर कॅमेऱ्याने दाखवलंयच. २६ सप्टेंबर २०२२ ला नासाचं डार्ट यान मुद्दाम डिमॉर्फॉस नावाच्या छोट्या लघुग्रहावर आदळवलं. १६० मीटरचा करडा दगड, जवळ येत येत नुसती खडी आणि धोंडे दिसायला लागतात. शेवटच्या फोटोची वरची पट्टी तेवढी पृथ्वीवर पोचली, बाकीची चौकट रिकामी. यान संपलं. एकाही ज्वाळेशिवाय असलं काही बघून माझा श्वास अडकला होता.

आता आपल्या घरचं. लोणार. काळ्या बेसाल्टमध्ये पडलेलं जवळपास १.८ किलोमीटर व्यासाचं विवर बुलढाणा जिल्ह्यात असून त्याचं एक धड चित्र माझ्या पाहण्यात नाही. जे आहे त्यात पुन्हा तोच अंतराळातला पेटता धोंडा. त्यापेक्षा लोणारबद्दल सांगितली जाणारी लवणासुराची गोष्ट जास्त चित्रमय आहे. विष्णूने दैत्यसूदन होऊन पायाच्या अंगठ्याने असुराच्या बिळाचं झाकण उडवलं, ते लांब धातेफळजवळ पडून टेकडी झालं, आणि तळ्यातलं पाणी म्हणजे असुराचं रक्त. खड्डा, उडालेलं झाकण, खारं पाणी, सगळ्याचा हिशेब आहे की नाही?

माझ्या मनातलं चित्र पैनगंगेच्या काठावरून, मेहकरच्या बाजूने दिसतं. डोळे दिपवणारा उजेड होऊन गेलाय, पायाखालची जमीन हललीय, क्षितिजावर काळी माती आणि दगड वर चढतायत आणि आवाज यायला अजून मिनिटभर आहे. पुढे कोण उभं करायचं, हा खरा पेच. विवराचं वय काही अभ्यासांत ५० हजार वर्षांच्या आसपास निघालं, तर नंतरच्या एका मापनात पाच लाख ७० हजार. पहिला आकडा धरला तर चित्रात आपल्यासारखा माणूस घालता येतो. दुसरा धरला तर हरणं, हत्ती किंवा माणसाचे फार जुने भाऊबंद.

कुणी चित्रकार मित्रमैत्रिणींनी मनावर घेतलं तर कमेंटमध्ये जरूर टाका. माणूस घाला नाहीतर हरीण घाला, माझी हरकत नाही. लाव्हा मात्र दिसला तर सरळ अनफ्रेंड करेन.