सेटलवाडांनी मंत्र्यावर पांघरूण घातलं नाही

परवा कट्ट्यावर एक मित्र म्हणाला, "सरकारचा वकील सरकारचीच तळी उचलणार. फी कोण देतं त्याला?" तेव्हा गप्प बसलो, पण डोक्यातून जाईना.

१९५७ सालचं मुंदडा प्रकरण आठवा. नव्यानेच स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडाच्या सहा कंपन्यांचे सव्वा कोटींच्या आसपास शेअर घेतले. पॉलिसीधारकांचा पैसा, आणि कंपन्या डबघाईला आलेल्या! फिरोज गांधींनी (काँग्रेसचेच खासदार, वर नेहरूंचे जावई) लोकसभेत ते चव्हाट्यावर आणलं. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांचा एकसदस्य आयोग बसला. सुनावणी मुंबईत, सगळ्यांसमोर.

आयोगाला मदत करायला उभे होते मोतीलाल सेटलवाड, देशाचे पहिले ॲटर्नी जनरल. म्हणजे सरकारचाच सगळ्यात मोठा वकील, आणि समोर सरकारचेच अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी. मंत्र्यांचा सूर असा की व्यवहार सचिवांनी केला. सेटलवाडांनी त्यावर पांघरूण घातलं नाही. सचिवाच्या आड मंत्र्याला लपता येणार नाही, असं छागलांनी अहवालात लिहिलं आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये मंत्री घरी गेले.

मला खरं नवल पुढच्या गोष्टीचं वाटतं. घटनेच्या कलम ७६ नुसार ॲटर्नी जनरल राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंतच पदावर राहतो. मर्जी राष्ट्रपतींची, म्हणजे व्यवहारात मंत्रिमंडळाची. तरी सेटलवाड १९६३ पर्यंत त्याच खुर्चीवर होते. याचं निम्मं श्रेय नेहरूंना द्यायला हवं. आज असं कुणी केलं तर किती दिवस टिकेल, तुम्हीच सांगा.

दुसरं टोक आणीबाणीतलं. बंदी प्रत्यक्षीकरणाच्या (म्हणजे अटकेला कोर्टात आव्हान देण्याच्या हक्काच्या) खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्या. खन्ना यांनी ॲटर्नी जनरल नीरेन डे यांना विचारलं, एखाद्या पोलिसाने खासगी वैरातून कुणाला मारलं तर? डे म्हणाले, आणीबाणी असेपर्यंत त्यावर इलाज नाही. मी वर्षानुवर्षं या माणसावर चिडलो होतो. आता वाटतं, निदान त्यांनी सरकारची भूमिका उघडी करून दाखवली. ते ऐकूनही पाचपैकी चार न्यायमूर्ती सरकारच्या बाजूने गेले, त्यांचं काय? एकटे खन्ना विरोधात राहिले.

फली नरिमन आणीबाणीच्या आधी अतिरिक्त सॉलिसिटर जनरल होते, म्हणजे तेही सरकारचेच वरिष्ठ वकील. जून १९७५ मध्ये आणीबाणी लागताच त्यांनी राजीनामा दिला. मित्र म्हणेल, त्याने काय झालं, आणीबाणी चालूच राहिली ना? राहिली. पण 'इलाज नाही' हे उत्तर द्यायला कोर्टात उभे होते ते नरिमन नव्हते.